चाफा घ्याल तो सोनचाफाच ना?

श्रोतेहो, नमस्कार. पावसाच्या तोंडावर गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपं येतात. तिथं नुसतं ‘चाफा द्या’ म्हणालात तर हातात काय पडेल सांगता येत नाही. देवळाच्या आवारात पांढरा सडा पडतो तो देवचाफा. त्याचं पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. नागचाफ्याचं गोत्र तिसरंच. मॅग्नोलियाच्या घरातला आपला सदाहरित वृक्ष म्हणजे सोनचाफा, आणि कवठासारख्या वासाचा कवठी चाफा त्याचा भाऊबंद. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये सोनचाफ्याला मिशेलिया चंपाका म्हटलं. आज तो मॅग्नोलिया चंपाका आहे.

फूल नसतानाही तो ओळखता येतो. पान तोडल्यावर पांढरा चीक येत नाही, आणि पानाच्या देठाशी फांदीभोवती बारीक वळं दिसतं. कोवळ्या पानावरचं आवरण गळल्याची ती खूण.

रोप घ्याल तर कलमच घ्या. ते वर्षा-दोन वर्षांत फुलतं. बियांच्या झाडाला कित्येक वर्षं वाट पाहावी लागते. बीच पेरायचं असेल तर लाल गर रेतीत चोळून धुवा आणि लगेच पेरा. वाळवून डबीत ठेवलेलं बी मरतं.

आपल्याकडे झाडं जातात ती मात्र पाण्याने. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणा आणि त्यात घागरभर पाणी ओता. सकाळपर्यंत जिरलं नाही तर खाली कातळ आहे. जागा बदला किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. नाहीतर भर पावसात मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि माणसं तहान समजून आणखी पाणी घालतात! कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. जोडाखालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे असतात. ठेवले तर वरचं कलम उपाशी राहतं.

पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्या बहुधा टेल्ड जे फुलपाखराच्या असतात. मोठ्या झाडाला त्यांचा त्रास नाही, फवारू नका. खवले किडींमागून पानांवर काळी बुरशी मात्र आली, तर किडी ओल्या फडक्याने पुसा.

फूल पानाच्या बगलेत येतं. म्हणून बहर सरला की शेंडे खुडा. फांद्या वाढतात, फुलंही वाढतात. फुलं पहाटेच काढा आणि ओल्या केळीच्या पानात ठेवा, दुपारपर्यंत काळी पडणार नाहीत.