अक्कलदाढ आणि करवतीची रेघ

[काळा पडदा. एक्स-रेची फिल्म हळूहळू उजळते.]

हा एका तरुणीचा जबडा. या कानापासून त्या कानापर्यंत उलगडून सपाट केलेला. एक्स-रेचं यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि असा फोटो मिळतो. दवाखान्यात याला नुसतं ओपीजी म्हणतात.

खालची रांग बघा. सगळे दात उभे आहेत, टोकाची दाढ मात्र आडवी पडलीय. शेजारच्या दाढेला डोकं टेकून स्वस्थ.

ही अक्कलदाढ. साधारण १७ ते २५ या वयात, म्हणजे शहाणपण यायच्या दिवसांत उगवते, म्हणून हे नाव. तिची स्वतःची अक्कल किती, ते फोटोत दिसतंच आहे.

[कॅमेरा दाढेच्या मुळांजवळ सरकतो.]

मुळांच्या खाली दोन बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, एकमेकींना समांतर. हा हाडातला बोगदा. त्यातून जी नस जाते, तिच्यामुळे खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो. हा बोगदा लक्षात ठेवा, आपण पुन्हा पुन्हा इथेच येणार आहोत.

दाढ अडकते, कारण तिला जागा नसते. ती सगळ्यात शेवटी येते, तोवर बाकीच्यांनी आपापल्या जागा धरलेल्या असतात. पूर्ण हाडात गाडलेली दाढ कधीकधी आयुष्यभर गप्प राहते. जास्त छळते ती अर्धवट वर आलेली. तिच्यावर हिरडीची एक झडप राहते, झडपेखाली अन्नाचे कण अडकतात, ब्रश तिथवर पोहोचत नाही. मग सूज येते, तोंड बोटभरही उघडत नाही, घोट गिळताना कानापर्यंत कळ जाते. ‘दाढ दुखतेय’ असं आपण म्हणतो. पुष्कळदा दुखत असते ती हिरडी.

समोरचे दात वाकडे झाले की त्याचं खापरही हिच्यावरच फुटतं. मागून ढकलते म्हणे. या आरोपाला भक्कम पुरावा कधी मिळालेला नाही. त्रास न देणारी अक्कलदाढ केवळ अडकलीय म्हणून काढू नये, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगितलं. सगळ्या देशांतल्या डॉक्टरांना ते पटलेलं नाही, आणि हा वाद अजून चालू आहे.

आमच्या गोष्टीतल्या दाढेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ती दुखत नाही, सुजलेली नाही. तरीही ती काढायची आहे.

[तरुणी आरशासमोर. बाजूने चेहरा.]

हिचा खालचा जबडा पुढे आहे. तोंड मिटलं की फक्त मागच्या दाढा टेकतात. समोरच्या दातांनी साधा दोरा तुटत नाही. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस याच्या चित्रांत अशीच पुढे आलेली हनुवटी दिसते. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याची ती ओळखच होऊन बसली होती.

तारा लावून हे का भागत नाही? तारेने दात सरकतात. दात ज्या हाडात रोवलेत, त्याची जागा वाढ संपल्यावर तारेने बदलत नाही. उलट अशा तोंडात दातांनी आपापल्या परीने तडजोड केलेली असते. वरचे पुढे झुकतात, खालचे आत कलतात आणि चूक थोडी झाकतात. म्हणून जबड्याचं हाडच कापून सरकवावं लागतं, आणि त्या शस्त्रक्रियेआधी ही तडजोड मोडावी लागते. म्हणजे वर्षभर, कधी दीड वर्ष तारा लावून दात सरळ करायचे, आणि तेवढ्या काळात चावा, म्हणजे वरखालच्या दातांचं एकमेकांवर बसणं, आणखी बिघडलेला दिसणार. पैसे देऊन तोंड वाकडं करून घेतोय की काय, असं घरच्यांना वाटतं. या टप्प्याबद्दल आधी नीट न सांगणं, ही माझ्या मते डॉक्टरांची मोठी चूक असते.

[जुनी रेखाचित्रं.]

जबडा कापायची कल्पना जुनी आहे. १८४९ मध्ये अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी भाजल्यामुळे विद्रूप झालेला एका तरुणीचा खालचा जबडा कापून मागे घेतला. एक्स-रेचा शोध तेव्हा ४६ वर्षं दूर होता.

वरच्या जबड्याची रेघ तर वेगळ्याच वाटेने आली. फ्रान्सच्या रेने ल फोर यांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून हाडं कुठे तुटतात ते पाहिलं आणि १९०१ मध्ये मोडण्याच्या ३ रेघा मांडल्या. त्यातल्या सर्वांत खालच्या रेघेवर आज शल्यविशारद मुद्दाम करवत चालवतात. अपघाताचा नकाशा शस्त्रक्रियेला कामी आला.

खालच्या जबड्याचं कोडं सोडवलं ऑस्ट्रियात जन्मलेल्या ह्यूगो ओबवेगेसर यांनी, १९५० च्या दशकात. हाड आडवं कापून दोन तुकडे केले, तर ते टोकाला टोक लावून सांधावे लागतात. त्यांनी जबड्याचा मागचा भाग उभा चिरला, फळीच्या दोन पातळ फळ्या कराव्यात तसा. बाहेरची फळी कानाजवळच्या सांध्याला धरून राहते. आतली फळी दात आणि ती नस घेऊन पुढे-मागे सरकते, काडेपेटीचा खण सरकावा तशी. सरकल्यावरही हाडाला हाड रुंद भिडलेलं राहतं, म्हणून ते जुळून येतं. आणि हे सगळं तोंडाच्या आतून. चेहऱ्यावर व्रण नाही.

[पुन्हा ओपीजी. त्यावर एक लाल रेघ उमटते.]

ही त्या कापाची रेघ. आणि ही अक्कलदाढ. बरोबर रेघेवर.

दाढ आत असली की तिथलं हाड पातळ असतं. छिन्नीने फळ्या वेगळ्या करताना चीर हवी तिथून न जाता भलतीकडे जाऊ शकते. म्हणून अनेक शल्यविशारद किमान ६ महिने आधी दाढ काढून घेतात. तोवर खड्डा हाडाने भरतो. काही जण त्याच वेळी, जबडा उघडा असतानाच ती काढतात. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत.

आपल्या तरुणीची दाढ आधी निघाली. फक्त जागा बधिर करून. आडवी दाढ ओढून येत नाही. हिरडी उघडली, वरचं थोडं हाड कोरलं, दाढेचे ३ तुकडे केले. दात जितका जास्त कापावा, तितकं हाड वाचतं. नस फारच लगटून असती, तर मुळं तशीच ठेवून फक्त वरचा भाग काढायचाही पर्याय होता.

[शस्त्रक्रियागृह.]

पुढे जबड्याची वेळ आली. पूर्ण भूल, श्वासाची नळी नाकातून; कारण दात एकमेकांवर बसतायत का, ते मध्येच तोंड मिटून बघावं लागतं. पूर्वी यानंतर जबडे तारेने साधारण ६ आठवडे बांधून ठेवत. आता टायटॅनियमच्या छोट्या प्लेट आणि स्क्रू हाड धरून ठेवतात, वर रबर लावले की झालं. तरी सुरुवातीचे दिवस सूज, पातळ आहार आणि पाटीवर लिहून बोलणं. वजन उतरतं.

[तपासणीची खोली. सहावा आठवडा.]

ओठाचा बधिरपणा बहुतेकांना सुरुवातीला जाणवतो. तो महिन्यांच्या हिशेबाने कमी होतो, काहींचा थोडा कायम राहतो. संमतीपत्रावर सही घेताना हे सांगितलेलं असतं. पण सही करणाऱ्याचं लक्ष तेव्हा आरशाकडे असतं.

तिने डोळे मिटलेत. डॉक्टर कापसाची बारीक वात तिच्या खालच्या ओठावरून फिरवतात.

“कुठे लागतंय?”

“उजवीकडे.”

वात डावीकडे येते. ती थांबते. कपाळाला आठी पडते.

“काहीतरी आहे... मुंगी चालल्यासारखं.”

डॉक्टर कागदावर डाव्या बाजूला एक छोटी खूण करतात.