प्रचार थांबतो, उमेदवारी उरते

मंडळी, आपल्याकडे माघारीची वेळ ठरलेली असते. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत लेखी सूचना द्यायची, आणि दिली की ती परत घेता येत नाही. तीन वाजून गेले, की उमेदवाराने भर सभेत दुसऱ्याला पाठिंबा दिला तरी मतदान यंत्रावरचं त्याचं नाव हलत नाही. अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, अशी एकच वेळ नाही. राज्यागणिक तारखा वेगळ्या, मतपत्रिकेचे नियम वेगळे. म्हणून तिथे हरत आलेला उमेदवार ‘माघार घेतो’ असं सहसा म्हणत नाही, ‘प्रचार स्थगित करतो’ म्हणतो.

यामागे पैसा आहे, प्रचार नुसता स्थगित केला तर कर्ज फेडायला देणग्या घेत राहता येतं, असं सर्रास सांगितलं जातं. हिलरी क्लिंटन यांनी ७ जून २००८ला प्रचार स्थगित केला, तेव्हा त्यांच्या मोहिमेवर दोन कोटी डॉलरहून जास्त कर्ज होतं, ते फिटायला काही वर्षं लागली. पण थकलेली बिलं भागवायला देणग्या घ्यायची मुभा माघार घेतलेल्यालाही असते. तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या लेखी दोघंही सारखेच: देणी मिटेपर्यंत प्रचार समिती बंद करता येत नाही, हिशेब देत राहावे लागतात. तेव्हा पैशाचं कारण मला पटत नाही.

खरी गोम आहे डेलिगेटमध्ये, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात मत देणाऱ्या प्रतिनिधींमध्ये. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम असा, की राज्यपातळीवरचे प्रतिनिधी निवडताना एखादा जण उमेदवार उरला नसेल, तर त्याच्या वाट्याच्या जागा बाकीच्यांत वाटल्या जातात. या पक्षाची उमेदवारी मागणारे बर्नी सँडर्स यांनी ८ एप्रिल २०२०ला प्रचार थांबवला, पण त्याच भाषणात सांगितलं, की उरलेल्या राज्यांत माझं नाव मतपत्रिकेवर राहील. पक्षाच्या जाहीरनाम्यावर वजन टाकायचं, तर अधिवेशनात माणसं हवीत. महिनाअखेरीस त्यांनी प्रतिस्पर्धी जो बायडन यांच्याशी या जागांबाबत रीतसर समझोताही केला.

न्यूयॉर्कमध्ये मात्र हे अंगाशी आलं. तिथे एप्रिलमध्येच नवा कायदा झाला होता: प्रचार स्थगित केल्याचं जाहीर करणाऱ्याचं नाव निवडणूक मंडळ काढू शकेल. २७ एप्रिलला मंडळाने तेच केलं. सँडर्स, आधीच प्रचार थांबवलेले अँड्र्यू यांग, सगळे गेले. बायडन एकटे उरले, आणि अध्यक्षपदाची २३ जूनची प्रायमरीच रद्द झाली. कारण दिलं कोरोनाचं, पण त्याच दिवशी राज्यात इतर पदांसाठी मतदान होणारच होतं!

कोर्टात कोण गेलं, ते पाहा. यांग होतेच, त्यांच्याबरोबर डेलिगेट म्हणून उभे राहिलेले कार्यकर्ते होते. त्यांनी काहीच स्थगित केलं नव्हतं, तरी त्यांची निवडणूक पुसली गेली होती. ५ मेला न्यायाधीश अनालिसा टोरेस यांनी प्रायमरी घेण्याचा आणि नावं परत घालण्याचा आदेश दिला, अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. उमेदवार दमला, तरी त्याच्या मागे उभ्या राहिलेल्यांचा हक्क संपत नाही, हे त्यातून दिसलं.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला खटकते. अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी २३ ऑगस्ट २०२४ला प्रचार स्थगित करून ट्रम्प यांना पाठिंबा दिला. चुरशीच्या राज्यांतून आपलं नाव काढा, बाकीच्या राज्यांत राहू द्या, असा त्यांचा पवित्रा होता. न्यूयॉर्कमध्ये नाव राहावं म्हणून ते कोर्टात भांडत होते, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये काढावं म्हणून. यात मतदाराचा विचार कुठे आला? २९ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या दोन राज्यांबाबतची त्यांची विनंती फेटाळली. तोवर तिथल्या लाखो लोकांनी, त्यांचं नाव असलेल्या मतपत्रिकेवर, मत देऊनही टाकलं होतं.