दिवे मालवले तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. छोटं खासगी विमान रात्री उतरवताना काय धोके असतात, हा आजचा विषय. माझी उमेदीची वर्षं विमान चालवायला शिकवण्यात गेली. शेजारच्या सीटवर विद्यार्थी, पुढे काळोख आणि लांबवर दिव्यांच्या दोन रांगा, अशा कितीतरी रात्री मी काढल्या आहेत. त्यातली एक आज सांगणार आहे.

त्याआधी थोडं डोळ्यांविषयी. उजेडातून अंधारात गेलं की काही काळ काही दिसत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. डोळे अंधाराला पुरते सरावायला जवळजवळ ३० मिनिटं लागतात, आणि हा सराव एका झगझगीत पडद्याने क्षणात जातो. म्हणून कॉकपिटमध्ये कोणी पूर्ण उजेडात मोबाइल उघडला की मला राग येतो, आजही येतो. खरं तर घरातही रात्री इतका उजेड कशाला हवा? हल्लीच्या मुलांना खरा काळोख ठाऊकच नाही. अंगणात दिवा न लावता तासभर बसवा त्यांना, आकाश किती भरलेलं असतं ते कळेल. असो.

तर ती रात्र. अमावास्या, पण हवा अगदी स्वच्छ. एका इंजिनाचं, चार जणांचं विमान. विद्यार्थी हुशार, हात हलका. आम्ही एका लहान धावपट्टीकडे निघालो होतो. पट्टीच्या पलीकडे गावाचे दिवे होते, पण आम्ही येत होतो त्या बाजूला नुसतं जंगल. घर नाही, रस्ता नाही, एक कंदीलसुद्धा नाही. वैमानिक याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात. खाली काळी शाई आणि तिच्यापलीकडे धावपट्टीचे दिवे.

धावपट्टी दिसली आणि आम्ही दोघंही सैलावलो. हवा स्वच्छ, दिवे ठळक, आता काय राहिलं! त्याने विचारलं, “मॅडम, आपण जरा वरच आहोत ना?” मी दिव्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, “हो, थोडे वर आहोत. उतर अजून.”

श्रोतेहो, ते ‘हो’ माझं होतं. अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा, माझ्या गुडघ्यापासून हातभर लांब होता. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

त्याने पॉवर आणखी कमी केली. इंजिनाचा आवाज मऊ झाला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मॅडम, अलीकडचे दिवे लुकलुकतायत.” मी पाहिलं. अलीकडच्या टोकाचा एक दिवा गेला, परत आला. मग दोन गेले. मग चार, आणि ते परत आले नाहीत. खिडकीतल्या दिव्यापुढून कोणी चालत गेलं की दिवा झाकला जातो ना, अगदी तसं. आणि मला कळलं: दिवे विझत नाहीयेत, आमच्या आणि दिव्यांच्या मध्ये काहीतरी उभं आहे.

“माझ्याकडे दे!” थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक वर. पोटाखालून काहीतरी काळं सरकलं, काळोखाहून काळं. मग दिवे एकेक करून परत आले. तेव्हा कुठे मी आकडे पाहिले. धावपट्टी अजून २ मैल दूर, उंची जेमतेम २५० फूट. असायला हवी होती ६०० च्या वर.

असं का झालं? मैदान, झाडं, रस्ते यांच्यावरून डोळा उंचीचा अंदाज बांधतो. ते काहीच दिसत नसलं की तो फक्त दिव्यांच्या आकारावर विसंबतो आणि आपण आहोत त्याहून वर आहोत असं सांगतो. दिव्यांचा आकार डोळ्यात तेवढाच राखत उतरलात, की उतरायची वाट सरळ राहत नाही, कपड्यांच्या सैल दोरीसारखी मध्ये झोल खाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बोइंग कंपनीतल्या डॉ. कॉनरॅड क्राफ्ट यांनी मुरलेल्या वैमानिकांना सिम्युलेटरवर अशाच काळोखात उतरायला लावलं, उंचीचा काटा न दाखवता. बहुतेक जण खूपच खाली गेले.

म्हणून पुन्हा सांगते. रात्री ‘आपण वर आहोत’ असं वाटलं, तर आधी काटा पाहा. वाटण्यावर उतरू नका, काट्यावर उतरा. धावपट्टीच्या बाजूला पापीचे (PAPI), म्हणजे उतरायची वाट बरोबर आहे का ते दाखवणारे, चार दिवे असले तर दोन पांढरे, दोन लाल दिसले पाहिजेत. चारही लाल दिसले, तर तुम्ही फार खाली आहात. पापी नसेल तर साधा हिशेब ठेवा, धावपट्टी जितके मैल दूर, तितक्या मैलांना प्रत्येकी ३०० फूट उंची. आणि अलीकडचे दिवे दिसेनासे झाले, तर विचार करत बसू नका, पॉवर द्या आणि वर जा.

बाकीचे धोके आहेतच. जमिनीलगत येताना उंचीचा अंदाज चुकून विमान आपटतं, धुकं बघता बघता पट्टी झाकतं, पट्टीवर जनावर येतं. अमेरिकेत नियम आहे, की रात्री प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत ३ वेळा रात्री उड्डाण करून, पूर्ण थांबून उतरलेलं असायला हवं. मला हे फार कमी वाटतं. तीन महिन्यांत हात विसरतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना दर महिन्याला न्यायचे.

त्या रात्री आम्ही घिरटी घेऊन पुन्हा आलो. या वेळी तो मोठ्याने आकडे म्हणत होता. “३ मैल, ९००. २ मैल, ६००. १ मैल, ३००.” एकही दिवा लुकलुकला नाही.

सकाळी आम्ही दोघं त्या बाजूला चालत गेलो. एक टेकाड होतं, त्यावर उंच झाडं. तो एका झाडाच्या बुंध्याला हात लावून कितीतरी वेळ वर शेंड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, काल मी विचारलं तेव्हा तुम्हीही हो म्हणालात.”

म्हटलं, “हो, म्हणाले.”

नमस्कार.