यकृताची ठरलेली गती

पडद्यावर दिसणारा हा रेणू अगदी लहान आहे: दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. याचे नाव एथॅनॉल. पेल्यात बिअर असो, वाइन असो वा व्हिस्की, शरीराची गाठ पडते ती यानेच. तो पाण्यात सहज मिसळतो आणि पेशींच्या पटलांतूनही आरपार जातो, म्हणून अन्नासारखे त्याचे पचन व्हावे लागत नाही. थोडा भाग जठरातून आणि बहुतेक सगळा लहान आतड्यातून थेट रक्तात उतरतो. पोटात अन्न असेल तर जठर उशिरा रिकामे होते आणि रक्तातील मद्याची पातळी सावकाश चढते, एवढाच काय तो जेवणाचा उपयोग.

रक्तातील मद्यापैकी 90 टक्क्यांहून अधिक भागाचे विघटन होते, आणि हे काम मुख्यतः यकृतात चालते. उरलेला अंश श्वास, लघवी व घाम यांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. वाहनचालकांची श्वासचाचणी या अंशावरच आधारलेली असते. यकृतातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, एथॅनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड बनवते आणि दुसरे विकर त्याचे ॲसिटेट करते, ज्याचे पुढे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते.

यातील पहिले विकर थोड्याशा मद्यानेच पूर्ण गुंतून जाते, त्यामुळे पुढे कितीही मद्य आले तरी कामाचा वेग फारसा वाढत नाही. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीच्या शरीरात तासाला सुमारे 7 ते 10 ग्रॅम मद्याचे विघटन होते आणि 100 मिलिलिटर रक्तातील प्रमाण तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते. मध्यरात्री हे प्रमाण 150 मिलिग्रॅम असेल, तर सकाळी सात वाजताही जवळपास 45 मिलिग्रॅम मद्य रक्तात उरलेले असते. कडक कॉफीने झोप उडेल, थंड पाण्याने अंग शहारेल, परंतु यकृताला त्याची दखलही नसते. नियमित पिणाऱ्यांमध्ये विघटनाचा एक जादा मार्ग सक्रिय होऊन वेग काहीसा वाढतो, हे खरे. मात्र तोच मार्ग पॅरासिटामॉलपासून विषारी द्रव्य तयार करतो, म्हणून अशा व्यक्तींना हे साधे औषधही जपून घ्यावे लागते.

खरा उपद्रव आहे तो मधल्या टप्प्यातील ॲसिटाल्डिहाइडचा. पूर्व आशियातील अनेकांमध्ये दुसरे विकर जन्मतःच दुबळे असते आणि थोड्याशा मद्यानेही त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळ सुरू होते. डायसल्फिराम हे औषध हाच अनुभव मुद्दाम घडवून आणते; दुसरे विकर रोखून व्यसनमुक्तीला मदत करण्याचा हा उपाय डेन्मार्कमधील संशोधकांनी 1948 मध्ये मांडला. ॲसिटाल्डिहाइड पेशीतील डीएनएलाही इजा करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले असून तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध प्रस्थापित झाला आहे. ‘बेताने घेतली तर बाधत नाही’ ही समजूत म्हणूनच टिकत नाही. आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले.

मद्य साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही, त्यामुळे यकृत आधी त्याचा निकाल लावते आणि इतर कामे खोळंबतात. मेदाचे ज्वलन मंदावून तो यकृतातच साचतो. नवी साखर तयार होणे थांबते, आणि उपाशी व्यक्तीच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. साचलेला मेद मद्य बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरू लागतो. पिणे चालूच राहिले तर काहींच्या यकृताला सूज येते, पेशी मरतात, त्यांच्या जागी व्रणाच्या ऊती वाढतात आणि अखेर सिरोसिस होतो, जो सहसा पूर्ववत होत नाही.

मेंदूत मद्य शांत करणाऱ्या संदेशांना बळ देते आणि उत्तेजक संदेशांना दाबते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू हा दाब गृहीत धरून स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. अशा व्यक्तीने अचानक पिणे थांबवले तर कंप, झटके आणि भ्रम उद्भवतात, प्रसंगी जीवावरही बेतते; म्हणून दीर्घकाळचे व्यसन सोडवताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे दिली जातात आणि पहिले काही दिवस रुग्णावर सतत लक्ष ठेवले जाते.