हळद लाल झाली, त्याची गोष्ट

(दृश्य: वर्गातला लांब बाक, त्यावर ओळीने मांडलेले पारदर्शक पेले)

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. जांबोटीच्या बाजूला, रानाला लागून असलेली एक मराठी शाळा. सातवीच्या वर्गात आज सोळा मुलं आहेत आणि बाकावर सोळा पेले. पंधरा पेल्यांत साधं पाणी, एकात चुन्याची निवळी. ही निवळी म्हणजे या खेळातला आजार. दिसायला सगळं सारखंच. निवळी कुणाच्या हाती गेली, ते टीचरनाही माहीत नाही.

जोडीदार गाठायचा, दोघांचं पाणी एकत्र करायचं, निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. असं तीनदा, दर वेळी नवा जोडीदार. कोणाशी बदललं ते वहीत लिहायचं. आणि प्यायचं कुणी नाही, ही सक्त ताकीद.

मग टीचर प्रत्येक पेल्यात हळदीचं पाणी टाकत जातात. पिवळा. पिवळा. पिवळा. आणि एकदम लाल! चुना जिथे पोचला, तिथे हळद लाल.

"मी तिघांशीच बदललो की ओ, टीचर!"

तिघं पुरतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पण इथे लाल पेले निघाले सहाच. असं का? मुलांनी वह्या ताडून पाहिल्या. तिसऱ्या फेरीत दोन 'लागण झालेले' पेले एकमेकांनाच भेटले होते. तिथे नवं कुणी बाधित झालंच नाही. आजाऱ्याने घरी थांबावं असं का म्हणतात, ते या सहा पेल्यांत दिसतं.

आता शोध उलटा. ज्यांचा पेला लाल, त्यांच्याच वह्या घ्यायच्या. पहिल्या फेरीतला जोडीदार पिवळा निघाला, तर याला लागण नंतर झाली. खोडत खोडत दोन नावं उरतात. त्या दोघांतलं नेमकं कोण, हे वह्यांवरून कधीच ठरत नाही. मागे बसलेली पोरं तोवर "ह्यानंच, ह्यानंच" करायला लागलेली असतात. टीचर त्यांना तिथेच थांबवतात. पेला कुणी मागून घेतला नव्हता. कोरोनाच्या दिवसांत मोठ्या माणसांनाही हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

(दृश्य: लिंबू पिळणारे हात)

दुसरा खेळ. निम्म्या पेल्यांत आधीच लिंबाचा रस घातलाय. ही लस. पुन्हा अदलाबदल, पुन्हा हळद. चुना लिंबापाशी पोचला की तिथेच मरतो, पाणी पिवळंच राहतं. लाल पेले या वेळी अगदी थोडे, आणि लिंबू नसलेलेही बरेच जण वाचले.

एक मुलगी हात वर करते. "पण टीचर, लिंबूपण दुसऱ्याच्या पेल्यात गेलं की! मग लसपण पसरते?"

प्रश्न बिनतोड आहे. बहुतेक लसी पसरत नाहीत. इथे खेळ खोटा पडतो. पण तोंडावाटे देतात त्या पोलिओच्या डोसातला कमजोर केलेला विषाणू बाळाच्या शौचावाटे बाहेर पडतो आणि आजूबाजूच्या मुलांपर्यंत पोचूही शकतो.

(दृश्य: टिळकवाडी, जुनी झाडं, मोकळं मैदान)

लसीचा विषय निघाला की बेळगावचं एक ठिकाण दाखवायलाच हवं. व्हॅक्सिन डेपो म्हटलं की सीमाभागाला सभा आणि मेळावे आठवतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांना झाडं आठवतात. पण नावातच लस आहे. देवीची लस इथे तयार व्हायची. तो रोग जगातून गेल्याचं 1980 साली जाहीर झालं. माणसाखेरीज देवीच्या विषाणूला राहायला दुसरं घर नव्हतं, म्हणून तो संपवता आला.

(दृश्य: खानापूरचं रान, पाचोळा)

माकडतापाला मात्र दुसरं घर आहे. तेही या शाळेच्या मागेच.

हा ताप 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. काजूच्या हंगामाला गोव्यात गेलेल्या बेळगावकडच्या मजुरांनाही तो झालाय. इथे पेल्यांचा खेळ उपयोगाचा नाही, कारण हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. गोचीड चावते आणि विषाणू अंगात जातो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात. लहान गोचीड तिळाहूनही बारीक, सहज दिसत नाही. "उपाय काय?" विचारलं की आजची मुलं पाठ केल्यासारखं "मास्क, सॅनिटायझर" म्हणतात. गोचिडीला मास्कचं काय? डेंगीच्या डासालाही नाही. त्याच्यासाठी हंडे आणि हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायचे.

रानात जायचं तर अंगभर कपडे. उघड्या कातडीला आरोग्य खात्याकडून मिळणारं, गोचिडींना दूर ठेवणारं डेपा तेल. पाचोळ्यात बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. डिसेंबर ते मे हे दिवस जपायचे, काजूचा हंगामही नेमका त्यातच. आणि घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात, साबणाने आंघोळ.

टीचरनी घरचा अभ्यास दिलाय: घरातलं कोण कोण रानात जातं आणि परत आल्यावर अंगावरचे कपडे कुठे टाकतं, ते लिहून आणा.

पहिल्या बाकावरून उत्तर लगेच आलं. "कॉटवर, टीचर. आणि वर मी झोपतो."