खाडीकाठच्या शाळा आणि आपला निधी

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि येथे जमलेल्या बंधुभगिनींनो,

मायदेशातील शाळांसाठी निधी उभारण्याचा निर्णय मंडळाने या वर्षी घेतला आहे. त्याचा विनियोग ठरवण्यापूर्वी बदलते तंत्रज्ञान आणि पर्यावरणाचे प्रश्न यांना आपल्या शाळा कशा सामोऱ्या जात आहेत हे समजून घ्यावे, या हेतूने आपण मला बोलावले, याचे मला मनापासून समाधान वाटते. माझी सारी नोकरी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील मराठी माध्यमाच्या शाळांत विज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते प्रामुख्याने खाडीकाठच्या शाळांविषयीचे आहे आणि साऱ्या महाराष्ट्राला ते जसेच्या तसे लागू पडेल, असा माझा दावा नाही. नौपाडा, कळवा, वाशी, नेरुळ या भागांतून आलेली बरीच मंडळी समोर दिसत आहेत. त्यांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

देणगी द्यायची म्हटली की पहिली चौकशी होते ती डिजिटल वर्गाची. ती चौकशी गैर नाही. देशभरातील शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या यूडायस प्लस अहवालानुसार 2023-24 मध्ये देशातील सुमारे 57 टक्के शाळांतच चालू स्थितीतले संगणक होते आणि इंटरनेट सुमारे 54 टक्के शाळांत होते. शहरी पट्ट्यातील माझा अनुभव मात्र असा आहे की साधन मिळवण्यापेक्षा मिळालेले साधन चालू ठेवणे कितीतरी अवघड असते. माझ्या माहितीतल्या एका शाळेला देणगीतून उत्तम स्मार्ट बोर्ड मिळाला. उद्घाटन झाले, फोटो निघाले, पहिले वर्षभर शिक्षकांनी तो हौसेने वापरला. पुढे खाडीवरच्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्या गंजल्या, हमीची मुदत संपली, आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली टाकायचा हे कोणालाच ठरवता येईना. बोर्डवर कापड पडले. त्याच खोलीत जुने संगणकही रचून ठेवलेले होते. ते डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या यादीत असल्यामुळे रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे यादीतून नाव कमी केल्याशिवाय हलवता येत नव्हते आणि निर्लेखनाच्या कागदपत्रांमागे लागायला कोणाला वेळ नव्हता. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आहेत आणि असे सामान नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जावे अशी त्यांची दिशा आहे. प्रत्यक्षात एक अख्खी खोली मुलांच्या वापरातून जाते. तंत्रज्ञानाचा आणि पर्यावरणाचा प्रश्न अशा रीतीने एकाच कुलपाआड बंद होतो, ही मला फार बोचणारी गोष्ट आहे.

याच्या उलट उदाहरण आपणा सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी आपल्या मुलांच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले, आणि 2020 मध्ये त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, ज्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊ केली. तिथे आधी शिक्षकाला गरज दिसली आणि मग त्याने साधन शोधले. आपल्याकडे बहुतेक वेळा साधन आधी येते आणि शिक्षकाने त्याच्यासाठी गरज शोधावी, अशी अपेक्षा केली जाते. तो शिक्षकही रिकामा नसतो. निरनिराळ्या पोर्टलांवर माहिती भरण्यात त्याचा दिवस कसा संपतो, हे शिक्षकाच्या घरातली माणसे जाणतात.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या साऱ्याची परीक्षा झाली. केंद्राचे दीक्षा हे ऑनलाइन अभ्यासाचे व्यासपीठ 2017 पासून होतेच, सह्याद्री वाहिनीवरून पाठही सुरू झाले. तरी घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशी स्थिती असलेल्या मुलांपर्यंत पोहोचायला रात्री आठनंतर फोन करणारे शिक्षकच कामी आले. त्या काळाचा एक लाभही झाला. पालकांचे आणि शाळेचे गट तेव्हा पक्के झाले, आणि आज अतिवृष्टीचा लाल इशारा आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली सुट्टी रात्रीच घरोघरी कळते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी शाळेत अडकलेली मुले आणि फोन लागत नाही म्हणून कासावीस झालेले आईबाप ज्यांना आठवतात, त्यांना या साध्या निरोपाची किंमत सांगायला नको.

आता पर्यावरणाच्या शिक्षणाविषयी. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये हा विषय सर्व शैक्षणिक पातळ्यांवर शिकवण्याचे निर्देश दिले आणि 2003 मध्ये त्यांच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश द्यावे लागले. आपल्या राज्यात प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, शाळांतून हरित सेना आहेत आणि 2020 पासून राज्य शासनाचे माझी वसुंधरा हे पर्यावरण अभियान आहे. अभ्यासक्रमाची उणीव नाही. उणीव आहे ती मुलाने स्वतः काही पाहण्याची. प्रकल्पवहीसाठी स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते आणायचे, कापून चिकटवायचे आणि खाली चार ओळी उतरवून काढायच्या, ही रीत वर्षानुवर्षे चालली. आता त्या चार ओळी कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते आणि माझ्या वेळच्या मुलांपेक्षा शुद्ध लिहून देते. सीबीएसईने 2019-20 मध्ये नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय ऐच्छिक म्हणून आणला आणि आता तिसरीपासूनच तो आणण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. अशा वेळी शाळेने काय करावे, याचे मला सुचलेले उत्तर आमच्या खाडीनेच दिले आहे.

कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे: तिथीचे पाऊणपट करायचे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. माझ्या वर्गातील कोळीवाड्यातली एक मुलगी हा हिशेब तोंडी करीत असे, कारण वडिलांची होडी केव्हा लागेल हे तिला घरी रोज कळावे लागे. एकदा मी वर्गाला सांगितले की भिंतीवरच्या कॅलेंडरवरून तिच्या रीतीने वेळ काढा, फोनवरच्या ॲपमध्ये दिसणारी वेळ तिच्या शेजारी लिहा, आणि खाडीवर जाऊन पाणी खरोखर केव्हा फिरते ते पाहून तिसरी वेळ लिहा. तिन्ही वेळा जुळेनात. ॲप मुंबईच्या अपोलो बंदराची वेळ दाखवीत होते आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी चढायला आणखी वेळ लागतो, हे मुलांनी आपसांत भांडून शोधून काढले. तिथीचा हिशेब अंदाजाचा का असतो, चंद्र रोज उशिरा का उगवतो, हे प्रश्न त्यांनीच विचारले. एरवी मागे बसणारी ती मुलगी त्या दिवशी पुढे उभी राहून समजावत होती.

त्यातून पुढचा प्रश्न निघाला तो अधिक मोलाचा होता. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल जमिनीवर वसलेला आहे आणि म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेने ते आखताना पावसाचे पाणी साठवणारे धारण तलाव आणि भरती आली की आपोआप मिटणारी झडपेची दारे अशी योजना केली. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर तलावाची पोकळी हाच शहराचा आधार असतो आणि तो तलाव गाळाने भरला असेल तर पाणी वस्तीत शिरते. भरतीचा तक्ता आणि पावसाची नोंद एकाच वहीत लिहिणाऱ्या आठवीतल्या मुलाला आपल्या गल्लीत पाणी कोणत्या दिवशी तुंबेल, याचा अंदाज बांधता येतो. हे उत्तर कोणतेही यंत्र त्याला तयार देऊ शकत नाही, कारण ती नोंद त्याच्याच वहीत आहे. फोन, ॲप, तक्ता काढणारा संगणक या साऱ्यांचा उपयोग मात्र तिथे पुरेपूर होतो.

ज्यांना शक्य असेल त्यांनी पुढच्या भेटीत मुलांना घेऊन ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अवश्य जावे. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या यादीत गेली, ही माहिती फलकावर वाचायला मिळतेच. पण ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी मासळी पाहिली, तिवर या कांदळवनातल्या झाडाचे पान जिभेला लावून त्यावरचे मीठ चाखले, की कांदळवन खाऱ्या पाण्यात कसे जगते हे पुन्हा सांगावे लागत नाही. ठाण्यातील पर्यावरण दक्षता मंडळ यांसारख्या संस्थांनी शाळांबरोबर असे काम बरीच वर्षे केले आहे. अडते ते बसभाड्यापाशी आणि मुलांबरोबर जायला दुसरा शिक्षक मोकळा नसतो यापाशी.

आणखी एक गोष्ट मला इथे मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण आपल्यापैकी अनेकजण संगणक क्षेत्रात आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पूर्वी रासायनिक कारखाने होते. आता त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. जवळच्या वस्तीतली मुले फोनवर प्रश्न विचारतात तेव्हा त्यामागे असल्याच इमारतींत अखंड चालणारी वीज आणि यंत्रे थंड ठेवण्याची व्यवस्था असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. विजेच्या मीटरवरील आकडे रोज टिपणारा वर्ग आणि समोरची डेटा सेंटरची इमारत यांना जोडणारा पाठ पुस्तकात नाही. तो तिथल्या शिक्षकालाच रचावा लागेल आणि त्याला या क्षेत्रातल्या जाणकारांची मदत लागेल.

शाळेच्या इमारतीविषयी थोडे. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने मुलांच्या झोपेचा विचार करून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असे सांगितले, आणि मार्च 2025 च्या अखेरीस उन्हाच्या तडाख्यामुळे शाळा सकाळी 7 ला भरवण्याची सूचना आली. दोन्ही निर्णयांमागील काळजी खरी आहे. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या मोकळ्या मैदानावरील सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हापासून उन्हाविषयी निष्काळजी राहणे कोणालाही परवडणारे नाही. परंतु दोन सत्रांत चालणाऱ्या इमारतीत घड्याळ किती पुढेमागे सरकवणार? गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग देणे, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे बांधणे, मैदानाच्या कडेला सावलीची झाडे जगवणे ही कामे कोणत्याही स्मार्ट बोर्डपेक्षा स्वस्त आहेत आणि त्यांचे उद्घाटन होत नसल्यामुळेच बहुधा ती मागे पडतात.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 मध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग उभारले. यातील कित्येक कुटुंबे दुष्काळी भागातून पोटासाठी आलेली आहेत. पाऊस तिकडे पडला नाही म्हणून ही मुले इथल्या रस्त्यावर आली आणि शाळा त्यांच्यापाशी चालत गेली. शाळेने परिस्थितीशी जुळवून घेणे मी याला म्हणते, आणि निधीचा विचार करताना आपण हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

माझी मंडळाला सूचना अशी आहे की निधीतून वस्तू घ्यायच्या झाल्यास त्यांच्या किमतीइतकीच रक्कम पुढील पाच वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावी. तीन-चार शेजारच्या शाळांनी मिळून एक तंत्रज्ञ नेमावा आणि त्याचे मानधन आपण द्यावे; जुन्या सामानाच्या निर्लेखनाचे कामही तोच मार्गी लावील. खाडीभेटीचे बसभाडे, वर्गागणिक एक तापमापक आणि एक पर्जन्यमापक, यांना फारसा खर्च येत नाही. शिवाय येथील शुक्रवारची रात्र म्हणजे तिथली शनिवारची सकाळची शाळा. आपल्यातील अभियंत्यांनी महिन्यातून एका शुक्रवारी तासभर व्हिडिओवर बसून मुलांच्या नोंदी पाहिल्या आणि त्यांच्या प्रश्नांना मराठीतून उत्तरे दिली, तर शिक्षकांना मोठा आधार होईल. शाळांकडून मागणीची पत्रे मागवताना काय हवे याबरोबर ते कोण सांभाळणार, त्या शिक्षकाचे किंवा सेवकाचे नाव आणि त्याला त्यासाठी मिळणारा वेळ, हेही लिहून मागावे. जूनच्या मध्यास शाळा उघडतात. त्याआधी मुख्याध्यापकांच्या हाती पडेल असा पत्राचा मसुदा मी करून आणला आहे आणि तो आज कार्यकारिणीकडे देत आहे.