पहाटेची गोळी

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटातले शेतघर अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या इव्हान्स सिटी या छोट्या गावाजवळचे. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करून पोट भरणाऱ्या काही तरुणांनी 1967 साली येथे हा भयपट चित्रित केला. पैसा बेताचाच होता. सारा चित्रपट सव्वा लाख डॉलरच्या आत उरकला गेला. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले गेले, आणि कृष्णधवल चित्रणात ते खपूनही गेले. जॉर्ज रोमेरो दिग्दर्शित या चित्रपटात मेलेली माणसे उठून जिवंतांवर तुटून पडतात, आणि काही जण रात्रभर या शेतघरात अडकून पडतात.

त्याच्या पटकथेत बेन या नायकाच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. तो एक रांगडा ट्रकचालक होता. निवड चाचणीत ड्वेन जोन्स हे कृष्णवर्णीय अभिनेते सर्वांत सरस ठरले म्हणून त्यांना घेतले, असे रोमेरो पुढे नेहमी सांगत. जोन्स यांनी बेनची ओबडधोबड भाषा बदलून त्याला शांत, विचारी आणि हुकूम सोडू शकणारा माणूस बनवले. पटकथेने वर्ण पाहिला नाही, हे खरेच. पण प्रेक्षक तो पाहणारच होता. भेदरलेल्या गोऱ्या बार्बराच्या बेन थोबाडीत मारतो, किंवा कूपर या गोऱ्या कुटुंबप्रमुखाशी बरोबरीने भांडतो, तेव्हा 1968 च्या अमेरिकी चित्रपटगृहात त्या प्रसंगांचा अर्थ कागदावरच्यापेक्षा कितीतरी वेगळा होता. (त्या भांडणात तळघरात लपण्याचा कूपरचा हट्ट शेवटी बरोबर ठरतो आणि बेन त्याच तळघरामुळे रात्र काढतो, ही गंमत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.)

येथे थोडे मागे जायला हवे. मेल्यावरही मालकासाठी राबावे लागेल, ही झोंबीच्या कल्पनेतली भीती मुळात गुलामगिरी भोगलेल्या हैतीच्या लोकांची. 1915 ते 1934 या काळात हैती अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होते, आणि त्याच काळात, 1932 मध्ये, 'व्हाइट झोंबी' हा चित्रपट आला. त्यात साखरेच्या गिरणीत राबणारी प्रेते दिसतात खरी, पण प्रेक्षकाने हळहळायचे ते एका गोऱ्या नववधूसाठी. रोमेरोंच्या चित्रपटात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही. तरीही ज्यांच्यापासून ही भीती उचलली गेली होती, त्यांच्यासारखीच गुलामगिरी भोगलेल्यांचा एक वंशज येथे प्रथमच कथेच्या केंद्रस्थानी उभा राहिला, असे मला वाटते.

बार्बराच्या वाट्याला मात्र बराच वेळ सोफ्यावर सुन्न बसून राहणेच आले. तिच्या हाती बंदूक यायला 1990 ची नवी आवृत्ती यावी लागली.

आता शेवट. उजाडते. रात्रभर प्रेतांशी झुंजलेला बेन खिडकीशी येतो, आणि शेरीफच्या बंदूकधारी टोळीतला एक जण त्याला प्रेत समजून कपाळात गोळी घालतो. त्यानंतर हलते चित्र थांबते. खरबरीत स्थिरचित्रांमधून लोखंडी आकडे हाती घेतलेली माणसे आणि बेनचा देह दिसतो, आणि जमावाने झाडाला लटकावलेल्या कृष्णवर्णीयांची जुनी छायाचित्रे ज्यांनी पाहिली होती, त्यांना ती चित्रे कशाची आहेत हे सांगावे लागले नाही. 4 एप्रिल 1968 रोजी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा हे चित्रण आधीच झालेले होते. ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी ते पाहिले, तेव्हा त्याचा संबंध त्या बातमीशी जोडला जाणे अटळ होते.

एकोणपन्नास वर्षांनी दिग्दर्शक जॉर्डन पील यांच्या 'गेट आउट' या चित्रपटात हाच क्षण पुन्हा येतो. कृष्णवर्णीय नायक ख्रिस जीव वाचवून रस्त्यावर पोहोचला आहे, शेजारी रक्तबंबाळ गोरी तरुणी पडली आहे, आणि दुरून तांबडे-निळे दिवे चमकत येतात. पील यांनी आधी चित्रित केलेल्या शेवटात पोलीस ख्रिसला पकडून नेतात. नंतर त्यांनी तो बदलला. प्रदर्शित चित्रपटात दिवे दिसताच ख्रिस काही न बोलता हात वर करतो, आणि चित्रपटगृह श्वास रोखून धरते. मग गाडीचे दार उघडते, त्यावर 'एअरपोर्ट' असे लिहिलेले असते, आणि आतून त्याचा मित्र उतरतो.